रामदासच्या पाळीची रजई

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला बसते, अशी मी बाई. अंगात येणाऱ्या शेजारणीलाही मी तोंडावर म्हटलंय, "आधी जेवून घे, मग येऊ दे अंगात." तरी हे लिहितेय, कारण यात कोणाला काही दिसलं नाही. फक्त घाम आला… आणि तो कोणाचा, ते मला कळलं.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची थंडी. उधन्याला आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आमच्या गावचे दोघे राहायचे, रामदास आणि भिकन. गाव नंदुरबारच्या पुढं, रेल्वेलाइनीला लागून. दोघंही लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, भिकन दिवसपाळीला, रामदास रात्रपाळीला. खाट एक, रजई एक. एक उठला की दुसरा आडवा. तेव्हा उधन्यात घरोघरी हेच. अंथरूण थंड म्हणून व्हायचं नाही!

रजई रामदासची, फायबर भरलेली, जाड. सकाळी जेवून नऊला झोपायचा, डोक्यावरून घेऊन, भर वैशाखातसुद्धा. दुपारी तीनला मी खाटेचा पाय हलवायची, "ऊठ रे बाबा, चहा निवला." मग ती रजई… शी! घाम, मशीनचं तेल, तंबाखू. मी दोन बोटांनी उचलायची.

दिवाळीआधी त्याला ताप भरला. गावी जाताना म्हणाला, "मावशी, रजई राहू दे. मी येसू ना."

पुढं भिकनचं लग्न झालं, त्यानं वेगळी खोली घेतली. इकडे आमची सुनीता पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा सरलेला. घरात जाड पांघरूण तेवढं एकच. म्हटलं, रामदास येईल तेव्हा येईल, धुऊन पोरीला देऊ.

पिंपात सोडा-साबण घालून रात्रभर भिजवली, सकाळी पायानं तुडवली. पाणी काळं निघालं, वर तेलाचे डोळे तरंगत होते. चार पाणी बदलली. मग मी आणि शेजारच्या जशुबेन, दोघींनी दोन टोकं धरून पिळली, धाब्यावर दोन दिवस वाळवली. साबणाचा वास घेऊनच मी ती घडी करून खाटेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटून पुढच्या खोलीत गेले, तर घडीच्या मधोमध ओलं. हात घातला… कोमट. माणूस आत्ताच कुशीवर वळलाय, असं. आणि तोच वास.

"सुनीता, तू झोपली होतीस का?"

"मी तर कधीची कपडे वाळत घालतेय, आई."

मांजर मुतली असेल म्हटलं. जशुबेननी नाक लावलं आणि पदर तोंडाला लावला. "बेन, आ तो परसेवानी वास छे." परसेवा म्हणजे घाम. मांजरीला कुठला घाम?

पुन्हा धुतली. फिनेल घातलं, वाळवली, तरी पुन्हा ओल आली तेव्हा मधली शिवण उसवली. आतलं फायबर पांढरंशुभ्र, कोरडं. ओलं होतं ते वरचं कापड, आतून. बोटाला चिकट लागलं, वर तंबाखूचा चुरा… मला मोरीत उलटी झाली, खोटं कशाला सांगू. मग मी पाळतच ठेवली. नऊ वाजले की ओल यायची, तीन वाजले की विरायची. पाच दिवस असंच.

मी पोरीला काही सांगितलं नाही, ही माझी चूक. सहाव्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली आणि तिनं ती रजई अंगावर ओढली. मी आतून धावत आले तर ती ताडकन उठून बसलेली, पोट दोन्ही हातांनी धरून.

"आई, सरक म्हणालं कोणीतरी… 'सरक, माझी पाळी आहे.'"

मी रजई काठीनं अंगणात लोटली. पोरीला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, तिची पाठ घासून काढली.

त्याच आठवड्यात गावाहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं. रामदास गेला होता, पंधरा दिवस झाले होते. आमचे हे खाली बसले. म्हणाले, "मेलेल्याचं अंथरूण त्याच्या मागं जातं. आपण पोरीला पांघरलं."

भिकन ती पोत्यात बांधून गावी घेऊन गेला. परत आल्यावर दारातूनच बोलला, घरात पाऊल टाकेना.

"मावशी, मसणात घासलेट वतं, तरी मधला भाग पेटेच ना. वला! तीननी पॅसेंजर गई, आन् मंग धडधड पेटनी."

तीन कशाचे, ते त्याला माहीत नव्हतं. तो कधी त्या वेळी घरी नसायचाच. रामदासला तीनला उठवणारी मी.

सुनीता सुखरूप सुटली, नातू आता नोकरीला लागलाय. घामाचं कारण मला आजवर कोणी सांगितलं नाही. पण दोन वर्षं माझ्या हातचं जेवलेल्या पोराची मला तेव्हा किळस आली, आणि खरं सांगते, अजून येते. दुपारी तीनला चहा ठेवायच्या आधी मी हात धुते. दोनदा.