घाटवाल्यानं न दिलेलं उत्तर

झुलेखाभाभींचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. "बाय, भाई गेले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच हातात धरून राहिल्या असाव्यात, कारण मागे माणसांची ये-जा ऐकू येत होती... पहाटेच्या नमाजासाठी त्यांचे यजमान इब्राहिमभाई उठले, हातपाय धुऊन वजू करायला म्हणून मोरीपाशी गेले आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. दफन दुपारी होतं. बायकांनी कब्रस्तानात जायची रीत नाही, म्हणून मी भाभींजवळ आत बसून राहिले. बाहेर ओटीवर लोक बोलत होते. मुंबई-गोवा रस्त्यावर वर्षानुवर्षं ट्रक चालवलेले भाई, मस्कतला बारा वर्षं काढलेले भाई, गुडघा गेल्यावर गावी परतलेले भाई. सगळं खरंच होतं. मात्र मी ज्या नावानं त्यांचं म्हणणं लिहायचे ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ते नाव होतं 'घाटवाला'.

महाडला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला मी आणि माझ्या यजमानांनी इंटरनेट कॅफे काढला तो दोन हजार सालच्या आसपास. तीन कॉम्प्युटर आणि एक फोनची लाइन, तीही मनात येईल तेव्हा तुटायची. भाई पहिल्यांदा आले ते कुवेतला दिलेल्या मुलीचा ईमेल बघायला. मेल उघडायला वेळ लागत होता. शेजारच्या खुर्चीवर बिरवाडीला खोली घेऊन राहणारा, कारखान्यातला एक केमिस्ट मराठी लोकांचं एक चर्चापीठ वाचत बसला होता. पुण्यामुंबईची, अमेरिकेतली, कुठकुठली माणसं तिथे टोपणनावानं वाद घालायची. त्या दिवशीचा विषय होता, अडाण्यांना मताचा अधिकार असावा का. भाई अधू गुडघ्यावर उभं राहून सगळं वाचत गेले. मुलीचा मेल आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"ह्याला उत्तर देता येतं काय?" त्यांनी मला विचारलं.

येतं म्हटलं, पण टाइप करावं लागेल. त्यांना टाइप करता येत नव्हतं, शाळा सातवीला सुटलेली. मीच बसले. नाव काय लिहू विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला? कशेडीचा घाट उतरताना मागून हॉर्न मारतो त्याचं नाव ठावं असतं काय आपल्याला? घाटवाला लिही." मग सावकाश, एकेक वाक्य तोलून त्यांनी सांगितलं, ते मी लिहिलं: माझ्या आईला सही येत नव्हती. पण दाराशी आलेल्या माणसांतला लबाड कोण, हे तिला शिकलेल्या सगळ्यांच्या आधी कळायचं. मत द्यायला ह्यापेक्षा जास्त काय यावं लागतं ते मला सांगा.

दुसऱ्या दिवशी त्याखाली वीसेक उत्तरं आली होती. भाई त्यातलं एकेक वाचताना लहान मुलासारखे खुलले होते. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस, दुपारच्या जेवणाच्या वेळी दुकान रिकामं असे तेव्हा, ते येऊ लागले.

मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, पण वाद कसा घालायचा ते मला भाईंनी शिकवलं. समोरच्याचं लिखाण ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे. मग विचारायचे, "ह्यात त्याचं बरोबर काय हाय ते आधी सांग." मला सुरुवातीला फार राग यायचा. इतकं उद्धट लिहिणाऱ्याचं बरोबर कशाला शोधायचं? पण ते सापडल्याशिवाय ते पुढचं वाक्य सांगत नसत. सक्तीचं मतदान, फाशी, रॉकेलवरची सबसिडी, मोठी धरणं... कुठल्याच विषयाला ते नाही म्हणाले नाहीत. एकदा कुणीतरी लिहिलं की माणूस काहीच निवडत नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं. भाई दोन दिवस तेच वाक्य वाचून घेत राहिले. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, लिही: घाटात रस्ता ठरलेला असतो. वळणं ठरलेली, दरी ठरलेली, भरलेला मालही दुसऱ्याचा. पण ब्रेकवर पाय माझा असतो, आणि गाडी गेली तर मी रस्त्याला दोष देऊन सुटत नाही. परदेशात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यावर विचारलं, आपण कुठल्या विद्यापीठात असता? भाई इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ते काही संत नव्हते. एकदा पुण्याच्या एका तरुणाला त्यांनी 'पुस्तकी पोपट' लिहायला लावलं. तो मुलगा पुन्हा तिथे दिसला नाही. भाई कितीतरी दिवस त्याचं नाव शोधत राहिले, आणि शेवटी सगळ्यांसमोर माफी मागणारा मजकूर टाकला. तो त्या मुलानं वाचला की नाही, कळलं नाही.

त्यांचा ठरलेला प्रतिस्पर्धी म्हणजे 'शंकेखोर'. हा माणूस कुठं राहतो, काय करतो, काहीच माहीत नव्हतं, पण भाईंना त्याच्याशिवाय करमायचं नाही. एका वादात भाईंनी लिहिलं होतं की मत कामाकडं बघून द्यावं, जात, जमात, नातं बघून नाही. शंकेखोरानं उलट विचारलं, "तुमचा सख्खा भाऊ उभा राहिला तर?" भाईंनी एका ओळीत सांगितलं, "तरीही."

हे लिहून वर्ष झालं नसेल, आणि त्यांच्या गावची ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दासगावच्या बाजूला, सावित्रीकाठी त्यांचं गाव. त्यांच्या वॉर्डातून धाकटा भाऊ युसुफ उभा राहिला. समोर वरच्या वाडीवरची सुमनताई. वाडीच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात म्हणून ही बाई नळासाठी तीन वर्षं कचेऱ्यांचे जिने चढत होती. युसुफ माणूस वाईट नव्हता. भाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रात्रंदिवस तोच दवाखान्यात बसला होता. पण ट्रान्सपोर्टच्या धंद्यासाठी अर्धा महिना मुंबईला असायचा. तो मोठ्या भावाकडे आला आणि म्हणाला, मशिदीत आपल्या जमातीची बैठक आहे, तिथे माझ्यासाठी दोन शब्द बोल. भाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की मी बोलणार नाही, आणि माझं मतही सुमनला जाईल.

हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मी चिडले. "भाई, मत गुप्त असतं. गप्प राहिला असतात तर त्याला कळलंही नसतं."

"त्याला नसतं कळलं. मग ईदला माझ्याकडं जेवला असता तो. मी त्याच्या तोंडाकडं बघून घास कसा गिळला असता, गो?"

युसुफ थोडक्या मतांनी पडला. भाई जमातीच्या बैठकीत गप्प राहिले, याचा अर्थ लोकांनी बरोबर काढला होता. युसुफनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. ईदला तो यायचा, भाभींना सलाम करायचा, पोरांच्या हातावर ईदी ठेवायचा आणि ओटीवरूनच परत जायचा. त्या दिवसांत भाई कॅफेत येऊन नुसतेच बसायचे. कॉम्प्युटर चालू करू का विचारलं तर नकारार्थी मान हलवायचे.

आणि नेमकं तेव्हाच शंकेखोरानं तो जुना वाद उकरून काढला. त्यानं लिहिलं, "घाटवाले, टोपणनावामागे बसून 'तरीही' म्हणणं सोपं आहे. असं प्रत्यक्षात करणारा एक माणूस मला दाखवा." खाली दहा-बारा जणांनी त्याला दाद दिली होती. मला राहवलं नाही. भाई यायच्या आधीच मी सगळी हकीकत टाइप करून ठेवली, निवडणूक, युसुफ, ईद, सगळं. ते आल्यावर त्यांना वाचून दाखवली. इतकं चोख उत्तर त्या चर्चापीठावर कुणी कधी दिलं नसेल, असं मला वाटत होतं.

भाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "खोड ते."

"पण भाई, हे खरं आहे."

"खरं हाय म्हणून तर. माझा भाऊ हाय तो, बाय. वादात फेकायचा दगड नाय." मग कीबोर्डकडं बोट करून म्हणाले, "आता लिही. तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. या वादात मी हरलो असं समजा."

मी लिहिलं. माझे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी स्क्रीनकडेच बघत राहिले... भाई त्यानंतरही पाच वर्षं येत राहिले, वाद घालत राहिले, पुष्कळदा जिंकलेही. त्या हरण्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

दफनाच्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, जनाज्याला पुढून खांदा युसुफनं दिला होता. चाळिसावा दिवस झाल्यावर, गेल्या आठवड्यात, तो दुकानात आला. पन्नाशीचा, केस पिकलेला माणूस दारात चप्पल काढून उभा राहिला. "भाभी म्हणाल्या, भाई हितं येऊन लिवायचा. माझ्याबद्दल काय लिवलं व्हतं त्यानं?"

मी म्हटलं, काही नाही. त्याला ते खरं वाटलं नाही. मग मी त्याला खुर्ची दिली आणि घाटवाल्याची सगळी पानं एकेक करून उघडली. तो ओठ हलवत वाचत होता. 'तरीही' पाशी थांबला. शंकेखोराच्या टोमण्यापाशी आला, निवडणुकीनंतरची तारीख बघितली, आणि त्याखालचं भाईंचं उत्तर त्यानं कितीतरी वेळ वाचलं. खोडून टाकलेल्या मजकुराबद्दल मी तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला.

"ह्याला अजून उत्तर देता येतं?" त्यानं विचारलं.

मी कीबोर्ड पुढे घेतला. तो सांगत गेला, मी लिहीत गेले: घाटवाला माझा सख्खा मोठा भाऊ. मी निवडणुकीला उभा होतो, त्यानं मला मत दिलं नाही, आणि ते मला घरी बसवून, चहा पाजून सांगितलं. मी त्याच्याशी शेवटपर्यंत बोललो नाही. तो गेला. "वाडीवर नळ आलाय, तेपण लिही," तो म्हणाला. खाली नाव काय घालू विचारलं, तर त्यानं स्वतःचं खरं, पूर्ण नाव सांगितलं.

मजकूर गेला. मी त्याला म्हटलं, हा शंकेखोर कुठल्या देशात आहे ते माहीत नाही, तिकडे आता रात्रही असू शकेल, उत्तराला दोन दिवसही लागतील, कदाचित येणारही नाही.

"असू दे गो," युसुफ म्हणाला, आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसून राहिला.