काळ्या बनियनवाल्यांचा तिसरा सामना

मला फुटबॉल शिकवला तो औशाच्या नळानं. हसू नका, खरं सांगते.

आमच्या औशाचा लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा होता. उस्मानाबादेतून फुटून चारेक वर्षं झाली असतील. कचेऱ्यांवर पाट्या लागल्या होत्या, पण आत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या. त्यातच पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. आमच्या गल्लीतल्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही पहाटे, आणि नेमकं कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं. म्हणून बायका उजाडायच्या कितीतरी आधी येऊन घागरी नंबरला लावायच्या. घागर ठेवली की नंबर तुमचा. पण रांग हलली आणि तुमची घागर हलवायला तुम्ही नसलात, तर मागची बाई ती उचलून खुशाल गटाराच्या कडेला ठेवायची. मग जी तोंडं सुटायची ती विचारू नका. माझंही सुटायचं.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते. माहेर नांदेडचं. माझे भाऊ नांदेडला मैदानावर फुटबॉल खेळायचे आणि मी कडेला त्यांच्या चपला राखत बसायचे. खेळू का म्हटलं तर म्हणायचे, "तू चपला बघ." त्यामुळे बॉल माहीत होता, खेळ माहीत नव्हता. शाळेत मी खो-खो शिकवायचे.

आदल्या वर्षी खो-खोचाच संघ घेऊन मी लातूरला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेले होते. पोरींनी वर्षभर धुळीत गुडघे फोडून घेतलेले. पहाटेची एस.टी. पकडून गेलो आणि पहिलाच सामना हरलो. बाद पद्धत! एकदा हरलं की खेळ खलास. बाकीच्या शाळा मैदानावर उतरत होत्या आणि आम्ही परतीच्या गाडीत बसलो होतो. भाकरीचे डबे कुणी उघडलेसुद्धा नव्हते. आमची कॅप्टन खिडकीला डोकं लावून बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "एकच व्हय, बाई?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू की."

पुढचं वर्ष तिला मिळालंच नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न लावून दिलं. नववीतली पोर! मी तिच्या घरी जाऊन भांडले. तिच्या वडिलांनी मला चहा पाजला, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि केलं ते स्वतःच्याच मनाचं. तिला लातुरात दिली. तिचं ते "एकच व्हय" माझ्या डोक्यातून जाईना. मला राग यायचा, लई राग यायचा, आणि तो काढायला जागा नव्हती.

तर त्या उन्हाळ्याच्या शेवटी नळाच्या रांगेत उभी होते. नळासमोर किराणावाल्या अप्पांचं घर. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. गल्लीतला एकुलता एक टीव्ही त्यांचा. अप्पा पहाटे पूजेला उठायचे, पण त्या महिन्यात पूजेच्याही आधी टीव्ही लागायला लागला. वर्ल्डकप सुरू झाला होता. सामने दूर मेक्सिकोत, त्यामुळे तिकडची दुपार म्हणजे आमची पहाट. खिडकी उघडी असायची. घागरी रांगेत ठेवून आम्ही बायका खिडकीशी. माझ्या शाळेतल्या पोरीही असायच्या, कारण घरचं पाणी भरायचं काम त्यांच्याच गळ्यात.

टीव्ही काळा-पांढरा. कोण कुठल्या देशाचं ते कळायला मार्ग नाही. एक संघ पांढऱ्या बनियनचा, एक काळ्या. काळ्या बनियनवाले अगदीच नवखे होते. पहिल्याच सामन्यात त्यांनी सपाटून मार खाल्ला. एका म्हातारीनं निकाल दिला, "गेले बापडे घरी."

आणि थोड्याच दिवसांनी बघते तर तेच काळ्या बनियनवाले पुन्हा मैदानात!

"अहो अप्पा," मी खिडकीतून ओरडले, "हे तर परवा हरले होते. आज कसे काय परत?"

अप्पांनी मागं वळून पाहिलं. शिकायला हैदराबादेत होते तेव्हा त्यांनी तिथले मोठमोठे फुटबॉलचे सामने बघितलेले, त्यामुळे या विषयात गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. "साखळी हाय, बाई. चार-चार देशांचा एक गट. गटात हरेकानं हरेकाशी खेळायचं. हरला तरी तीन सामने ठरलेले. त्यानंतर मग बाद पद्धत."

"हरला तरी?"

"व्हय. हरला तरी."

मी तिथंच थिजले. म्हणजे एवढ्या मोठ्या जगाच्या स्पर्धेत हरलेल्याला पुन्हा उभं राहायला देतात, आणि आमच्या लातुरात पोरींना डबासुद्धा खाऊ देत नाहीत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच पहाटे मी ठरवलं, यंदा माझ्या पोरी तीन सामने खेळणार. कसं ते माहीत नव्हतं. पण खेळणार.

तेवढ्यात एक भानगड झाली. काळ्या बनियनवाल्यांचा गोल होता होता हुकला, आम्ही सगळ्याजणी "अरेरेरे" करत खिडकीला चिकटलो, आणि मागं नळाला पाणी आलं. रांगेशी एकही बाई नाही! दुष्काळात नळ धो धो वाहतोय आणि पाणी सरळ गटारात. समोरून एक आजोबा काठी आपटत बोंबलत आले तेव्हा कुठं आम्हाला कळलं. त्या दिवशी गल्लीनं आमची अशी काही काढली की काय सांगू. "बाया बॉल बघायल्यात आन् पानी वाहायलंय!" अप्पांनी खिडकी लावून घेतली ती लावूनच घेतली.

मी गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. म्हटलं, आजपासून माझ्या पोरी आळीपाळीनं नळावर थांबतील. एक उठली की दुसरी बसेल, थेंब वाया जाणार नाही. अप्पा म्हणाले, "आन् गेला तर?" मी म्हटलं, "तर मी माझी घागर तुमच्या दारात फोडीन." अप्पा हसले आणि त्यांनी खिडकी उघडली.

काळ्या बनियनवाले दुसराही सामना हरले. तिसरा उरला होता, पण तो जिंकून काही उपयोग नव्हता, गटातून ते बाहेरच गेले होते. तरी असे पळत होते! एक जण पडला, उठला, पुन्हा पळाला. म्हातारीला राहवेना. "आता जिंकून काय मिळनार हाय त्यायला?"

"काही नाही, आजी," मी म्हटलं.

"मंग एवढं जिवाच्या आकांतानं काय पळायलेत?"

काळ्या बनियनवाल्यांनी तो सामना बरोबरीत सोडवला आणि एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. माझ्या शेजारी उभी असलेली आठवीतली पोर म्हणाली, "बाई, आपुन ह्येच खेळू." नव्या जिल्ह्याकडून शाळेला खेळाचं सामान आलं होतं. त्यात फुटबॉल होता आणि तो पोत्यात तसाच पडून होता. शाळा उघडल्या दिवशी मी तो बाहेर काढला.

पुढचे महिने मी शिकले आणि शिकवलं. अडलं की अप्पांचं दुकान होतंच, डाळ मोजता मोजता ते ऑफसाइड समजावून सांगायचे. घराघरांतून तक्रारी आल्या, पोरी लाथा मारतात म्हणून. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन बसले. शेवटी माझ्या बडबडीला कंटाळून लोकांनी होकार दिला.

मग लातूरला स्पर्धेची बैठक झाली. मुलींच्या फुटबॉलला जिल्ह्यातून चारच शाळा आल्या होत्या. आम्ही, लातूर, उदगीर आणि निलंगा. जिल्हा क्रीडा कचेरीतले साहेब म्हणाले, "चारच संघ, सोपं काम आहे. बाद पद्धतीनं एका दिवसात उरकून टाकू."

"चार संघ म्हणजे एक गट झाला, साहेब," मी उठून म्हटलं. "वर्ल्डकपात गटात चारच असतात. साखळी लावा. प्रत्येकीला तीन सामने."

"तीन दिवस? बाई, पाणी कुठून आणू? शहराला प्यायला नाही."

"आम्ही आमचं पाणी घेऊन येऊ."

मग उदगीरचे गुरुजी उठले, "आमीबी आणू." निलंग्यानं मान हलवली. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि साखळी मान्य केली.

नळाच्या रांगेतल्या बायकांनी आपापल्या घागरीतून एकेक तांब्या आमच्या कॅनमध्ये ओतला. त्या खिडकीच्या भानगडीवरून आम्हाला शिव्या घालणाऱ्या आजोबांनीसुद्धा ओतला. कंडक्टर म्हणाला, "बाई, ही काय पाण्याची गाडी हाय का?" मी म्हटलं, "हाय. मारा बेल."

रोज सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. पहिला सामना उदगीरशी हरलो. निलंग्याशीही हरलो. पण दोन्ही दिवशी पोरींनी मैदानाच्या कडेला बसून डबे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी पाळी असूनही आमच्या नळाला पाणी आलं नाही, त्यामुळे कॅनमध्ये तळाशी थोडंसंच उरलेलं. बघतो तर साहेबांनी मैदानावर मागवलेला टँकरही आलेला नाही. साहेब माझ्याकडे आले. "बाई, उदगीर-निलंगा सकाळीच बरोबरीत सुटले. लातूरचा पहिला नंबर पक्का आहे, तुमचा शेवटचा पक्का आहे. निकालात काही बदलणार नाही. बिनपाण्याचं पोरींना उन्हात कशाला पळवायचं? सोडून देऊ."

"साहेब," मी म्हटलं, "निकाल लागलाय. सामना राहिलाय. धापा टाकत खेळतील, पण खेळतील."

लातूरची कॅप्टनही पुढं आली, म्हणाली आम्हालाही खेळायचंय. साहेबांचा नाइलाज झाला. तो सामना आम्ही हरलो, आधीच सांगून टाकते. पण त्याआधी एक घडलं.

खेळ ऐन रंगात असताना कडेच्या पायवाटेवर एक बाई थांबली. कमरेवर भरलेली घागर, डोक्यावरून पदर. मैदानामागच्या बोअरवरून पाणी घेऊन निघाली असावी. तिनं पदर सारला तेव्हा मी ओळखलं. आमची कॅप्टन. वर्षात केवढी वाळली होती!

"बाई, आपली शाळा हाय?"

"आपलीच."

तिनं घागर कमरेवरून उतरवली आणि रेषेला लागून माझ्या पायाशी ठेवली. "पोरी सुकून गेल्या की. पाजा त्यायला."

"अगं, घरी काय सांगशील?"

"सांगीन, सांडली म्हून."

पोरी पळत आल्या, ओंजळीनं पाणी प्याल्या, दोन्ही संघांच्या, आणि परत पळाल्या. ती मैदानाकडे बघत उभी होती.

"कितवा सामना ह्यो, बाई?"

"तिसरा."

"आधीचे जिंकल्या?"

"दोन्ही हरल्या."

ती हळूच म्हणाली, "हरल्यावर बी खेळाया देतात?"

"आता देतात," मी म्हटलं.

तिनं पदर कमरेला खोचला, रेषेच्या अगदी कडेला गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "पळ की गं! पळ! अजून संपलं न्हाई!"

तिचं सासर मागच्याच गल्लीत होतं. तिथवर आवाज गेला असणार. मी तिला गप्प केलं नाही.