फळ्यावरचं फोल्डर

काल नवी पेठेत दुकानदारानं घोंगडी उलगडली आणि लोकरीच्या उग्र वासानं मला पंधरा वर्षांपूर्वीच्या सर्व्हर रूममध्ये नेलं.

मेंढपाळाघरची रुक्मिणी आमच्या संगणक केंद्रात पावसाच्या अंदाजाची गणितं करायची. एसीच्या गारठ्यात ती घरची घोंगडी पांघरून बसायची. पाहुणे आले की मी तिला ती लपवायला सांगायचो.

एका दुपारी सगळ्या संशोधकांची सामायिक डिस्क काठोकाठ भरली आणि चालू गणितं अडकली. डिस्क सांभाळणं माझं काम. नोकरी सोडून गेलेल्या एकाचं अवाढव्य फोल्डर मी पुसायला निघालो.

“सर, चुकलेलं मेंढरू कुनी कापत न्हाय,” रुक्मिणी म्हणाली. “आदी चार कळपांत इचारत्यात की.”

मी चिडूनच फोल्डरचं नाव जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलं आणि खाली ‘हे कुणाचं?’ असं विचारलं. तासाभरात वरच्या मजल्यावरच्या मॅडम धापा टाकत आल्या. त्यांची तीन वर्षांची मोजमापं त्यातच होती.

आता मी केंद्राचा प्रमुख आहे. फळ्यावर नाव लिहून विचारल्याशिवाय इथं एकही फाइल पुसली जात नाही.

दुकानातली ती घोंगडी मी काल विकत घेतली. आज सकाळी पाहुणे आले, तेव्हा ती माझ्या खांद्यावर होती.