सिद्धेश्वरच्या वेताच्या काठ्या

अकोल्याहून गाडी हलली तेव्हा केशव खिडकीच्या गजाला धरून चार पावलं बरोबर चालला आणि म्हणाला, "गुरुवार दुपारपर्यंत वाट पायतो दादा. न्हाई तर उतरतो मी." भाजी आणायला पिशवी घेऊन निघालेला माणूस बोलतो तसं तो हे बोलला. मी त्याला काही उत्तर देणार तोवर फलाट संपला होता.

केशव हा माझ्या धाकट्या बहिणीचा, कौसल्येचा नवरा, आणि धंद्यातला माझा जोडीदार. आमचा नळजोडणीचा धंदा. मुलींच्या एका वसतिगृहाची संडासाची लाइन तुंबली होती आणि ते काम आम्ही अंगावर घेतलं होतं. बांबूच्या कामट्या घालून पाहिल्या. त्यातली एक आतच मोडून अडकली, म्हणजे होतं त्यापेक्षा काम बिघडवून ठेवलं. आता लाइन मोकळी करायची तर खालच्या खोल चेंबरमध्ये माणूस उतरवायचा, हा एकच मार्ग उरला होता. आणि केशवला ते कठीण वाटत नव्हतं, हीच माझी खरी अडचण होती.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी तो असाच उतरला होता. आवाज येईना म्हणून मी दोर ओढला. वर आला तेव्हा ओठ काळेनिळे, डोळे वर गेलेले. बऱ्याच वेळाने उठून बसला आणि चहा मागितला. कौसल्येला हे सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण त्याच्या अंगाचा वास आणि माझा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. ती रडली नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "दादा, माही पोरगी अजून रांगून राहिली."

गटार साफ करायच्या वेताच्या काठ्या असतात. दोन्ही टोकांना पितळी आटे. एकीत दुसरी पिळत जायचं, पुढच्या टोकाला स्क्रूसारखा पिळाचा लोखंडी पेच लावायचा, आणि जमिनीवर उभं राहून लाइनमधला तुंबारा ओढून काढायचा. कोणाला खाली उतरायला नको. मुंबईला मागणी नोंदवली, तर महिनाभर थांबा म्हणाले. तेवढ्यात ओळखीच्या एका कारकुनाने सांगितलं, की सिद्धेश्वरच्या धरणाचं काम संपून काही वर्षं झाली, तिथल्या वसाहतीच्या गोदामातलं सामान मोडीत निघतंय, त्यात असल्या काठ्या आहेत. बस, मी पिशवी उचलली.

वाशीम मागे पडलं आणि पळस दिसू लागला. काळ्या रानात लालभडक. समोरचे गृहस्थ बायकोला हौसेने दाखवत होते. मी मात्र मनातल्या मनात गुरुवारची दुपार कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचा काथ्याकूट करत बसलो होतो. केशव बाराला दुपार म्हणतो की चारला, हे विचारायचं राहून गेलं होतं. माझा स्वभावच असा काळजीखोर. आई म्हणायची, याला सुखाने जेवायला वाढलं तरी हा ताटाखाली विंचू शोधतो.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्टेशनबाहेर गरम भजी आणि कडक चहा घेतला, एसटीने औंढ्याला पोचलो आणि धर्मशाळेत पथारी टाकली. एवढं मोठं नागनाथाचं देऊळ पलीकडे, पण पाहायला पाय निघेना. सकाळी पहिल्या गाडीने सिद्धेश्वर गाठलं.

धरणाची भिंत लांबवर गेलेली, पलीकडे पूर्णेचं पाणी स्वस्थ पसरलेलं. भोई जाळी झटकत होते. वसाहतीची अवस्था मात्र बघवत नव्हती. ओळीने घरं, कोणाला दार नाही, कोणाला चौकट नाही. गोदामाच्या पायरीवर चौकीदार विडी ओढत बसला होता. मी काठ्यांचं विचारलं.

"त्या व्हय," तो म्हणाला. "त्या गेल्या की दिवाळीच्या वक्ताला."

"कुठं गेल्या?"

"धनगराची सखुबाई हाये, तिनं नेल्या. वाघुरीला."

वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. चारी बाजूंनी मेखा रोवून ती ताणतात. चांगल्या पितळी टोकाच्या काठ्या मेखा म्हणून रानात उभ्या आहेत हे ऐकून मी पायरीवरच बसकण मारली.

"कशाच्या काठ्या आहेत, सांगितलं नाही तिला?"

चौकीदाराने विडी विझवली. "तंबूच्या हायेत म्हनून सांगितलं. खरं सांगितलं आस्तं तर कोन नेलं आस्तं? इथंच सडल्या आस्त्या." मग माझी दया आली असावी. "जवळ्याकडं जा. तिकडं मेंढरं बसून राहिली सध्या."

इकडे सुगी उरकली की शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवतात. ठरलेल्या रात्री कळप त्या रानात मुक्काम करतो, लेंड्यामुताचं खत होतं, आणि बदल्यात धनगराला धान्य मिळतं. त्यामुळे सखुबाईचा पत्ता म्हणजे आज कोणाचं रान, एवढाच. जवळा बाजारला उतरलो. बाजाराचा दिवस नव्हता, नुसते रिकामे ओटे आणि कापसाच्या गाड्यांच्या चाकोऱ्या. चहावाल्याने हात करून दिशा दाखवली. ज्वारीची धसकटं तुडवत निघालो. एक चपलेतून वर आलं आणि टाचेत घुसलं. ते काढायलाही मी थांबलो नाही, लंगडत चाललो.

नाल्याच्या कडेला मेंढरं दिसली आणि काठ्याही दिसल्या. उन्हात पितळ चमकत होतं. एका काठीला पिवळ्या फडक्याची पिशवी टांगलेली, खंडोबाच्या भंडाऱ्याची. थोडं बाजूला सामान वाहायचं घोडं बांधलेलं, आणि ते ज्याला बांधलं होतं तो आमचा लोखंडी पेच. जमिनीत पिळून घट्ट बसवलेला. मला एकदम हायसं वाटलं आणि लगेच भीती वाटली, कारण देवाची ती पिवळी पिशवी गटाराच्या काठीवर टांगलेली होती.

सखुबाई पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई. बरोबरचे गडी मेंढरं घेऊन पुढच्या रानात चारायला निघत होते. मी सांगितलं, नळाच्या कामाला काठ्या हव्यात, मोबदला म्हणाल तो देतो.

"उंद्याची रात हाये अजून या रानात," ती म्हणाली. "मेखा काढल्या तर मेंढरं कशात कोंडू? लांडगं हायेत इकडं. न्हाई जमायचं भाऊ."

मी बसून राहिलो. तिने तांब्याभर पाणी दिलं, भाकरी आणि ठेचा दिला. भाकरी तशीच हातात राहिली. तिने दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं.

"काहून एवढी घाई? नळ काय पळून चालले का?"

आता खरं सांगितलं तर ती काठ्या उपटून माझ्या अंगावर फेकेल, मला त्या मिळतील, आणि तिच्या देवाची पिशवी तिने कशावर टांगली होती हे तिला आयुष्यभर सलेल. खोटं बोलत राहिलो तर केशव उतरतो. असा अवघड घास माझ्या वाट्याला आधी कधी आला नव्हता. शेवटी मी सगळं सांगितलं. चेंबर, केशवचे ओठ, गुरुवार, कौसल्या. आणि काठ्या कशाच्या ते.

सखुबाई उठली. काठीवरची पिवळी पिशवी काढली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. मग पाठमोरी उभी राहिली. मी खाली मान घालून टाचेतलं धसकट काढायला लागलो. काहीतरी करायला हवं होतं.

"बहीन थोरली का धाकटी?" तिने विचारलं.

"धाकटी."

"लेकरं?"

"एक पोरगी. रांगते."

ती वळली. "दिवाळीपासून माझ्या मेंढराच्या लेंड्यात उभ्या हायेत त्या. जे काय आसंल ते गेलं आता." मग तिने कुऱ्हाड माझ्यापुढे टाकली आणि तेव्हापासून ती मला अरेतुरे करू लागली. "नाल्याला बाभळी हायेत. जेवढ्या काठ्या नेशील तेवढ्या मेखा ठोकून दे. मंग ने."

मी आयुष्यात पाइप कापले आहेत, बाभूळ कधी तोडली नव्हती. काट्यांनी हात सोलून निघाले. त्यात रानाचा मालक आला आणि बांधावरूनच ओरडला, "माझी बाभूळ कोन तोडून राहिलं?"

"मेंढरं उठवू का मंग आत्ताच?" सखुबाईने शांतपणे विचारलं. मालक दुसरीकडचा बांध बघायला निघून गेला.

उन्हं कलली तेव्हा शेवटची मेख ठोकून झाली. काठ्या मोकळ्या केल्या. मातीने आटे भरले होते, ते काटकीने कोरून एकीत एक पिळून पाहिल्या. बसत होत्या. पण सखुबाई पेच द्यायला तयार होईना. मागच्या साली घोडं खुंटा उपटून पळालं होतं आणि सगळ्यांची दाणादाण झाली होती. "ह्याला मात्र ते हरलं," ती म्हणाली. "काठ्या ने. हे ठिव."

पेचाशिवाय काठ्या म्हणजे नुसत्या काठ्याच. मी खड्डा खणला, बाभळीचं जाड दांडकं दोर बांधून आडवं पुरलं, वर माती चोपली आणि घोडं त्याला बांधलं. सखुबाईने घोड्याला हाकललं. घोड्याने हिसका दिला, मान ताणली. दांडकं हललं नाही.

"आनि दर मुक्कामाला खड्डा कोन खांदंल? तू येतो का?"

"मुंबईहून नवा पेच मागवला आहे. आला की आणून देतो."

"समदे आसंच म्हंतात," असं पुटपुटत तिने पेच उपटला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. काठ्या बांधायला लोकरीचा दोर तिनेच दिला.

ती रात्र जवळ्यात काढली. गुरुवारी पहाटेच्या एसटीच्या टपावर मोळी चढवताना कंडक्टरने विचारलं, "लढाईला चालले का भाले घेऊन?" हिंगोलीत उतरलो तर अकोल्याची गाडी निघून गेलेली. स्टेशनबाहेर सरकीची पोती भरलेला एक ट्रक अकोल्याला निघाला होता. ड्रायव्हर दाढीवाला, ऐसपैस माणूस. "बैठो भाई, तकलीफ क्या है," म्हणाला.

तकलीफ कनेरगाव नाक्याला सुरू झाली. त्याने ढाब्यापुढे ट्रक उभा केला, हातपाय धुतले, मटणाची थाळी मागवली आणि गादीवर बसावं तसा खाटेवर मांडी घालून बसला. मी भोवती येरझारा घालत होतो. सूर्य वर वर चढत होता आणि हा माणूस नळी चोखत होता.

"क्यों जी, घर में कोई बीमार है क्या?"

"अभी तो नहीं है," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, सोललेल्या हातांकडे पाहिलं. काय समजला कोण जाणे. थाळी अर्धी टाकून उठला आणि पातूरच्या घाटात त्याने ट्रक असा हाकला की आता आम्हीच वर जातो की काय असं वाटलं.

वसतिगृहाच्या मागच्या आवारात पोचलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. कोणत्याही घड्याळाने दुपार सरलेली. भिंतीपाशी केशवचा सदरा घडी करून ठेवलेला दिसला, वर दोराचं वेटोळं. मोळी खांद्यावरून घसरली.

मग कौसल्या दिसली. खालच्या खोल चेंबरच्या लोखंडी झाकणावर ती मांडी घालून बसली होती. मांडीवर पोरगी झोपलेली, पुढ्यात सुपात तूरडाळ. केशव बनियनवर, पलीकडे उकिडवा बसून होता.

"सकाळपासून बसली हाये," तो वैतागून म्हणाला. "म्या म्हनलं ऊठ. म्हन्ते, मले उचलून बाजूला ठेव आन् मंग उतर."

"आनल्या का दादा?" कौसल्येने विचारलं. मी मोळीकडे बोट केलं.

"आता तरी ऊठ," केशव म्हणाला.

"घाला तुमी. मी हाये इथंच."

वरच्या उथळ चेंबरमधून आम्ही काठ्या आत सरकवल्या. एक पिळायची, ढकलायची, दुसरी पिळायची. उलटं फिरवलं तर जोड सुटून काठी आतच राहते, म्हणून मी सारखा केशवला टोकत होतो आणि तो माझ्यावर खेकसत होता. पेच कशात तरी रुतला. दोघांनी मिळून ओढलं. मोडकी कामटी आणि चिंध्यांचा गोळा बाहेर आला. आम्ही वाकून ऐकत राहिलो, पण आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

"चाललं," मागून कौसल्या म्हणाली. तिने हात झाकणावर टेकवला होता. "माह्या खालून चाललं पानी."

तरीही ती लगेच उठली नाही. पोरगी केशवच्या हातात दिली आणि मग उठू लागली, तर पाय बधिर झालेले. केशवने तिला धरून उभं केलं. त्या दिवसानंतर तो कधी चेंबरमध्ये उतरला नाही. दोर आम्ही गुरं बांधायला देऊन टाकला.

तिकडची धरणं, देवळं कशी आहेत असं कोणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. गेलो तेव्हा माझा जीव अकोल्यात टांगलेला होता. मुंबईहून नवा पेच आला तेव्हा मी तो टपालाने चौकीदाराच्या पत्त्यावर पाठवतो म्हणालो. कौसल्येने तो माझ्या हातातून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि पोरीला कडेवर घेतलं.

"सखुबाईचं रान कुठं हाये ते दाखव," ती म्हणाली. "टपालानं काय पाठवतं, मी येतो."