ताईच्या मसाल्याची फाईल

भोर-वेल्ह्यात काहीही टाकून न देणारा माणूस माझ्या साडूंसारखा दुसरा नसेल. आणि तरी नसरापूरच्या त्यांच्या घरात एक जुनी पिशवी सापडायची नाही. ते घरी बसून एका कंपनीचे प्रोग्राम लिहितात. प्रोग्रामच्या जुन्यानव्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणारी जी व्यवस्था असते, तिच्यात त्यांनी अख्खा संसार भरला होता. किराण्याची यादी, लेकीची लग्नपत्रिका, नळाला पाणी येत नाही म्हणून ग्रामपंचायतीला लिहिलेला अर्जसुद्धा. अर्जाच्या एकोणीस आवृत्त्या होत्या आणि सातवीवर त्यांनी 'सभ्य' असा टॅग लावला होता. कापूरहोळच्या ढाब्यावर माझी मिसळ गार होईपर्यंत ते समजावत बसायचे, "पुढं कितीबी बदल होऊ द्या पाव्हणं, टॅग त्याच आवृत्तीवर ऱ्हातो. आन् फाईल काढून टाकली तर ती आजच्या यादीतनं जाती. मागच्या आवृत्त्यांत असतीच."

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, आमची ताई, दर उन्हाळ्यात मसाला करायची. ती सांगायची, हे लिहायचे. दोन मिरच्या वाढल्या तरी नवी नोंद. एका वर्षीचा मसाला असा जमला, की पार शिवरे गावची माणसं वाटी घेऊन आली. त्या आवृत्तीवर 'झकास' टॅग लागला. ताई म्हणायची, "माझ्यापरीस त्या डबड्यालाच जास्त ठावं हाय."

मग ताईला तो आजार झाला आणि औषधांनी तिच्या जिभेची चव नेली. तरी तिनं मसाला केलाच. तळहातावर घेऊन चाखायची आणि म्हणायची, "काहीच लागंना हो. आणखी मिरची घाला." साडू वाद न घालता मिरची घालायचे आणि नोंद करायचे. असं सहा वेळा झालं. शेजाऱ्यांनी डबे नेले, कुणी काही बोललं नाही. पण नणंद पहिल्याच घासाला ठसकली, आणि ताई काय ते समजली.

दवाखान्यात ती त्यांना म्हणाली, "ते समदं काढून टाका. माझ्या मागं लोक हसतील." त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत फाईल काढून टाकली.

"गेलं?"

"गेलं."

चार दिवसांनी ताई गेली.

काही महिन्यांनी माझ्या बायकोनं भीतभीत विचारलं, "दाजी, ताईचा मसाला कुठं लिहिलेला असंल का?" साडूंनी 'झकास'वरून फाईल परत आणली आणि कागद छापून दिला. तो हातात घेऊन ती स्वयंपाकघरात रडत बसली. मी आणि साडू पायरीवर आलो.

"गेलं म्हणालो म्या तिला," ते म्हणाले. "यादीतनं गेलं व्हतं. मागचं समदं पुसायचं म्हणलं तर तेबी येतं मला. आठ दिवस बसलो. हात झाला न्हाई."

"काय आहे त्यात?"

"मिरचीची मापं. आन् ती बोलली ते. शेवटच्या नोंदीत लिवलंय, 'आता थोडं लागतंय म्हणाली.'"

या उन्हाळ्यात त्यांनी एकट्यानं मसाला केला. आम्हाला 'झकास'चा मोठा डबा दिला. जेवायला बसलो तेव्हा त्यांच्या ताटाशी एक वेगळी, लहान बरणी होती. त्यातला चमचाभर त्यांनी भाकरीवर घेतला, तेल ओतलं आणि खाऊ लागले. डोळ्यांतून धार लागली तरी पाण्याला हात लावला नाही. मी बरणीकडे हात नेला, तर त्यांनी ती हलकेच आपल्याकडे ओढली.

"राहू द्या पाव्हणं," ते म्हणाले, "तुमाला न्हाई सोसायचा."