वेताला ऊन, रंगाला सावली

माझं आणि माझ्या सासूबाईंचं एकोणीस वर्षांत कधी नीट पटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की लोक म्हणतील, सून सासूच्या कह्यात गेली.

त्या वेताच्या खुर्च्या विणतात. सगळी गल्ली त्यांना खुर्चीमावशी म्हणते. भिजवलेला वेत नुसता बोटांत फिरवून तो वाकेल की तुटेल ते सांगतात. माझ्या भाजीत मीठ कमी पडलंय हेही न चाखता सांगतात, आणि ते खरं निघतं. माझा खरा राग त्याचाच आहे.

आता घराचं सांगते, कारण सगळी भानगड तिथेच आहे. त्यांचं लग्न नवीन होतं तेव्हा सासऱ्यांनी आणि शेजारच्या पेंटरकाकांनी एकाच मालकाकडून दोन प्लॉट घेतले. सात नंबर आमचा, आठ नंबर काकांचा. पाया खणायच्या आदल्या दिवशी दोन्ही जोडपी जागेवर जाऊन उभी राहिली, तर सातवर मोठं झाड, दिवसभर गार सावली, आणि आठवर नुसतं ऊन. सासूबाईंचा वेत उन्हात वाळला नाही तर बुरशी धरतो. काका पाट्या रंगवतात, आणि उन्हात त्यांच्या रंगाला फोड येतात. दुसरं कोणी असतं तर झाड तोडलं असतं. या चौघांनी प्लॉट बदलले. कागद केला का, असं विचारलं तर काका म्हणतात, "चहा प्यायलो की."

म्हणजे घर आठवर बांधलं आणि कागदावर सातच राहिलं. तीस-पस्तीस वर्षं आम्हीही तोंडाने सातच म्हणत आलो.

सासरे गेले आणि घर सासूबाईंच्या नावावर झालं. पुढे एका नव्या हॉटेलने दोनशे खुर्च्या सांगितल्या. वेत आणायला, मागे शेड घालायला पैसे हवे होते, म्हणून बँकेकडे घर गहाण ठेवलं. बँकेचा माणूस आला, आमचं घर मोजलं, आमच्या खुर्चीत बसला आणि कागदात बघून प्लॉट सात असं लिहून गेला. हॉटेल उघडायच्या आधीच बंद पडलं. शंभरावर खुर्च्या अंगावर पडल्या आणि हप्ते थकले.

मग एका सकाळी बँकेची माणसं नकाशा घेऊन आली आणि जप्तीची नोटीस चिकटवून गेली. काकांच्या भिंतीवर.

काकांनी चष्मा लावून ती वाचली. "अक्षरं किती वाईट काढलीत," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. मग बराच वेळ उठलेच नाहीत. काकू आतून हाका मारत होत्या.

आम्ही त्याच दुपारी वकिलाकडे गेलो. त्याने कागद उलटसुलट केले आणि चक्क हसला. "तुम्ही राहता ते घर बँकेकडे गहाणच नाही. कागदावर सात नंबर तुमचा, त्यावर घर शेजाऱ्याचं. बँक विकायला निघाली तर घेणारा मालकी बघेल आणि पळून जाईल. दावे लागतील, वर्षानुवर्षं चालतील. तुम्ही फक्त गप्प बसा."

"आणि काका?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"त्यांनी त्यांचा वकील करावा."

खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. दोन मुलं शाळेत, घर गेलं तर जायचं कुठे या विचाराने मी अर्धी झाले होते. आता मूग गिळून बसायचं, एवढंच काम होतं. ह्यांचाही चेहरा उजळला.

सासूबाईंनी विचारलं, "वकीलसाहेब, तुमच्या घराचा नंबर काय?"

"बावीस. का?"

"नाही, नोटीस कोणाच्याही भिंतीवर चालत असेल तर तिथे लावून बघू."

घरी आल्या त्या पाण्याचं भांडं, फडकं आणि वेत सोलायची पातळ सुरी घेऊन थेट काकांच्या भिंतीपाशी. नोटीस एकेका कोपऱ्याने भिजवत गेल्या.

"वहिनी, राहू द्या," काका म्हणाले.

"माझी आहे ती. मला न्यायचीय."

कुठेही न फाटता सोडवली. मग माझ्याच गॅसवर खळ शिजवली आणि ती नोटीस आमच्या दाराला लावली, अगदी सरळ, पट्टी धरून. येणारे-जाणारे थांबून वाचायला लागले. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. रागाच्या भरात म्हणालेसुद्धा, "आई, घर गेल्यावर हा मान कुठे ठेवणार आहात?"

"गेलं तर आपलं जाईल," त्या म्हणाल्या. "पैसे आपण उचललेत, पेंटरांनी नाही."

बँकेत जाताना मलाच सोबत नेलं, अर्ज लिहायला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले: गहाण ठेवलेलं घर मी राहते तेच, प्लॉट आठवरचं, शेजाऱ्यांचा या कर्जाशी संबंध नाही. मॅनेजरने अर्ज दोनदा वाचला.

"मावशी, हे तुम्ही तुमच्याच विरुद्ध लिहून देताय."

"विरुद्ध कसलं? पत्ता दुरुस्त करून देतेय."

त्याने अर्ज फाईलला लावला. मग म्हणाला, "दोन्ही घरांनी अदलाबदलीचा दस्त नोंदवून आणा, बँकेची संमती मी मिळवतो. मालकी स्वच्छ झाली की हप्ते लहान करून मागता येतील. आत्ता ही फाईल कोणी हातातच घेत नाही. पण वरून नकार आला, तर मग लिलाव कशानेही अडणार नाही. आत्ता अडतोय तो या घोळामुळेच."

मी टेबलाखालून त्यांचा पदर ओढला. त्यांनी पदर सोडवून घेतला आणि विचारलं, "दस्ताला फोटो किती लागतात?"

नोंदणी कचेरीत काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "अदलाबदलीचं कारण?"

"लिहा," सासूबाई म्हणाल्या, "वेताला ऊन लागतं आणि रंगाला सावली."

कारकुनाने मान वर केली. काका म्हणाले, "बरोबर आहे, तेच कारण." त्याने तसंच लिहिलं. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला, कारण या बाईला गप्प बसवायला मीच निघाले होते.

सात आठवडे काहीच कळलं नाही. मग पत्र आलं: हप्ते लहान केले, मुदत वाढवली. पडून राहिलेल्या खुर्च्या आम्ही एकेक करून विकल्या. मी विणायला शिकले. खुर्चीची पहिली बैठक सासूबाईंनी तीनदा उसवायला लावली.

नोटीस मात्र दारावर तशीच होती. आमचे हे ती काढायला गेले की सासूबाई म्हणायच्या, "फिटल्यावर." चार वर्षं आम्ही ते दार उघडलं आणि लावलं. शाई उडून गेली, पण कागद हलला नाही.

गेल्या महिन्यात कर्ज फिटल्याचं पत्र आलं. काका डबा-ब्रश घेऊन दार रंगवायला हजर. सासूबाई आत गेल्या आणि पाण्याचं भांडं, फडकं आणि ती पातळ सुरी घेऊन आल्या. सगळं माझ्या हातात दिलं.

"तू काढ."

चार वर्षांची खळ होती. मी एकेक कोपरा भिजवत अर्धा तास लावला, पण कुठेही फाटू दिली नाही. सासूबाईंनी कागद उजेडात धरून बघितला.

"बरी काढलीस," म्हणाल्या.

माझ्या भाजीला हे अजून मिळालेलं नाही.