दोरीवरून हात काढा

आधी सुशीलाकाकीचं नाव. बाकीच्यांचं नंतर.

सुशीलाकाकी आमच्या वाडीतली मासे विकणारी बाई. नात्याची नाही. तिने मला नागपूरला आपल्या बहिणीच्या खानावळीत धाडलं, म्हणून मी आज जेवते, झोपते, मान वर करून बोलते. खरं सांगायचं तर अजून कुणी मोठ्याने हाक मारली की हातातलं काम टाकून उभी राहते. हे लिहितानाही दोनदा मागे वळून बघितलं. गावात पोचेल, बाबांना कोणी काही बोलेल. बोलू दे.

मी आठवीत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि दप्तरासकट किनाऱ्यावर गेले. रापण चालली होती. रापण म्हणजे लांबच्या लांब जाळं. होडीतून समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळ्या वाडीने वाळूवरून ओढायच्या. आमच्याकडे रीत अशी की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. म्हातारा असो, पोर असो, वाटेवरचा माणूस असो. हात कुणाचा, विचारायचं नाही.

त्या दिवशी भाऊंचे पाहुणे दोरीला लागले होते. भाऊ म्हणजे माडांमागच्या मोठ्या घराचे मालक. किनाऱ्यालगतची जमीन त्यांची. आमची जाळी ठेवायचा मांगरही त्यांच्याच जमिनीत. घराचं त्यांनी रिसॉर्ट केलं होतं. पाहुण्यांनी खिदळत दोरी ओढली, फोटो काढले आणि हात झटकत वर गेले.

बाबांनी वाळूवर वाटे घातले. एक जास्तीचा. त्यावर मुद्दाम एक सरंगा, महागाचा मासा, ठेवला.

"हो पावण्यांचो. जा गो, देवन ये."

मी धावत गेले. आनंदाने. पुढच्या पायऱ्यांनी चढले. पाहुण्याचा वाटा पुढच्या दारीच द्यायचा ना!

टोपलीतून पाणी गळत होतं. व्हरांड्यात चहा चालला होता. एक बाई नाक दाबून किंचाळली. भाऊ उठले.

"खंय इलंस तां कळता तुका?"

"पावण्यांचो वाटो," मी म्हटलं.

भाऊ पाहुण्यांकडे वळून हसले. "बघा. यांना वाटतं, तुम्ही यांच्याकडे मजुरीला लागलात."

सगळे हसले. त्यात आमचे इतिहास-भूगोलाचे सरही होते. भाऊंकडे चहाला आलेले. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गात 'आपला गाव' शिकवला होता. माझ्याशी नजर मिळाली तेव्हा त्यांनी कपात बघितलं.

भाऊंनी पायाने टोपली लोटली. मासे पायऱ्यांवरून खाली मातीत. मग फिनेलची बाटली आली, फडका आला.

"पूस. वास ऱ्हवता कामा नये."

मी पुसलं. शाळेच्या कपड्यांत. गुडघ्यांवर. पाहुण्यांनी पाय वर उचलून घेतले होते. एकजण म्हणाला, "इकडे राहिलंय." तिथेही पुसलं.

खाली उतरले तर पायऱ्यांशी सुशीलाकाकी वाकलेली. मातीतले मासे एकेक उचलून आपल्या टोपलीत टाकत होती. वर बघितलं नाही तिने.

"चल," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रापण. भाऊ नवे पाहुणे घेऊन आले. कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी स्वतः दोरीला हात लावला. माझ्या हाताच्या मागेच. माझ्या नखांत अजून फिनेल.

"हात काढा."

आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. आमच्या किनाऱ्यावर हे कुणी कुणाला कधी म्हटलं नव्हतं. दोरी थांबली. जाळं पाण्यात, मासे निसटतायत, तरी थांबली.

बाबांनी माझ्या थोबाडीत दिली. "भाऊनू, पोर आसा. चुकला तिचा." बाबांवर राग नाही माझा. त्यांच्या डोळ्यांपुढे मांगर होता.

मग मागून काकी. डोक्यावरची टोपलीही खाली न ठेवता.

"पोरीन काय सांगल्यान तां आयकलास मां, भाऊनू? काढा हात."

भाऊंनी हात काढला. पँटला पुसला.

मांगर गेलाच. जाळी आमच्या पडवीत आली. वर्गात सरांनी मला खिडकीशी बसवलं आणि खिडकी उघडी ठेवायला सांगितली. पोरांना तेवढं पुरलं. रोज नाकं दाबायची. माझी शाळा तिथेच संपली. काकीने बहिणीला फोन केला, कणकवली स्टेशनपर्यंत सोडायला आली, चटणी-भाकरी हातात दिली. "रडू नको. गाडी सुटली की खावन घे."

इथे समुद्र नाही. मासे बर्फातून येतात.

गेल्या महिन्यात भावाने फोटो पाठवला. रिसॉर्टच्या फाटकावर नवा फलक, 'गावाचा इतिहास व भूगोल'. खाली सरांचं नाव. भाऊंच्या पूर्वजांनी गाव वसवला, असं लिहिलंय. उत्तरेला खाडी, दक्षिणेला काळा खडक, पश्चिमेला रिसॉर्टचा किनारा. पाहुण्यांसाठी रापण ओढण्याची मौज. खाडी आहे, खडक आहे, माडसुद्धा आहेत. आमची वाडी नाही. रापण कोण टाकतं, तेही नाही. जणू जाळं आपलं आपण समुद्रात जातं.

वाचलं आणि नखांत फिनेल आलं.

काकीचे गुडघे आता गेलेत. दोरीपर्यंत पोचत नाही. हात नाही तर वाटा नाही, रीत तिलाही तीच. पण आपल्या माणसाच्या नावाने हात लावता येतो. तीही रीतच.

नारळी पुनवेनंतर रापण सुरू होईल. मी येणार. घाबरत येईन, पण येईन. काकीचा वाटा त्या पायऱ्यांसमोरच्या वाळूवर सुकत घालीन. वारा समुद्राकडून घराकडे वाहतो. वास थेट व्हरांड्यात जाईल. किंचाळू देत. फिनेल त्यांनी आणावं, गुडघ्यांवर त्यांनी बसावं. आणि भाऊंचा हात दोरीला आला, त्यांच्या पोराचा आला, सरांचा आला, तर मी पुन्हा तेच म्हणेन. या वेळी मला ठाऊक असेल की आवाज माझा आहे.

काकी, एक हात माझो, एक तुझ्या नावाचो. मी लावतलंय. तुझो वाटो सुकवन तुझ्या दारात आणून देतलंय.

पुढच्या दारात.